विहिरीचा कागद करा म्हणणं म्हणजे मैत्रीवर संशय घेणं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात लिहितो. तासगाव तालुक्यात तुमची द्राक्षबाग, वडील ७४ वर्षांचे, त्यांचे शाळेपासूनचे मित्र शेजारच्या गटात, १९८६ साली दोघांनी मिळून विहीर काढली ती त्या काकांच्या गटात आहे, खर्च निम्मा निम्मा आणि तेव्हापासून पाणीही निम्मं निम्मं, कागद एकही नाही. जमीन थोरला भाऊ कसतो, तुम्ही पुण्यात नोकरीला, वाटणी झालेली नाही आणि कधी विषयही निघाला नाही. आत्याने कधी हिस्सा मागितला नाही. आता वडिलांना झटका येऊन गेला, बोलणं अडखळतं, आणि तुम्ही विचारताय की कागद करावा का, केला तर काका म्हणतील इतक्या वर्षांनी आत्ताच कसा काय संशय आला.

मी याच जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टात २७ वर्षं दिवाणी वकिली करतोय, बांध, विहीर, वाट, वाटण्या हेच सगळं. त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकतो, कागद करा, पण सगळ्याचा करू नका. कशाचा करायचा आणि कशाचा नाही हेच सांगण्यात माझी निम्मी वकिली गेलीय म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

एक दावा सांगतो, नावं गावं काढून. अशीच दोघा दोस्तांची सामाईक विहीर. चार दिवस याचे, चार दिवस त्याचे. पण आपल्याकडं लाईटचं कसं असतं तुम्हाला माहितीय, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, मध्येच डीपी जळतो, मग चार दिवस म्हणजे नेमके किती तास हे देवालाच ठाऊक. या दोघांनी त्यावर एक पद्धत काढलेली, काढलेली पण नाही म्हणजे कधी ठरवली असं कुणालाच आठवत नव्हतं. ज्याचं भिजवून झालं तो मोटार बंद करून स्टार्टरच्या पेटीवर एक खडा ठेवायचा. खडा दिसला की दुसऱ्याने मोटार चालू करायची, मग चार दिवस भरलेले असोत नाहीतर नसोत. खडा नसेल तर समजायचं याचं अजून राहिलंय, गुपचूप परत जायचं. एकाच्या घरी लग्न होतं तेव्हा दुसऱ्याने आठ दिवस आपली पाळी असूनही खडा ठेवून दिला कारण लग्नघरी पाहुण्यांना पाणी लागणार होतं, आणि याचा उल्लेख दोघांनी कधी केला नाही. ३० वर्षं हे चाललं. मग एक वारले. त्यांचा मुलगा साखर कारखान्यात नोकरीला होता, तो शेती बघायला लागला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने पेटी साफ केली. खडा, कोळ्याची जाळी, जुनी चिंधी, सगळं झाडून टाकलं. दुसरे म्हातारे रोज पहाटे येऊन पेटी बघून परत जायचे. अकरा दिवस गेले असे. त्यांना वाटलं पोरगं पाणी अडवतंय, पोराला वाटलं म्हाताऱ्याला पाण्याची गरजच नाहीये. बाराव्या दिवशी म्हाताऱ्यांच्या मुलाने येऊन पाइप कापला.

मी त्या म्हाताऱ्यांच्या बाजूने होतो. उलटतपासात समोरच्या वकिलांनी विचारलं, तुमचा पाण्याचा हक्क कशावरून? म्हातारे म्हणाले, खडा ठेवत होतो ना. कोर्टात हसू पिकलं. न्यायाधीश साहेब पण हसले. मलाही हसू आवरलं नाही खरं सांगायचं तर, आणि ते म्हातारे माझ्याकडे बघत होते.

माझं सगळं म्हणणं त्या खड्यात आहे. ही जी न बोललेली समजूत असते ना, ती दोन माणसांच्या मधली असते, दोन सातबाऱ्यांच्या मधली नसते. ती वारसाहक्काने उतरत नाही. जमीन उतरते, कर्ज उतरतं, दावा पण उतरतो, हे नाही उतरत. तुमच्या वडिलांनी आणि काकांनी एकमेकांना कधी काही लिहून मागितलं नाही कारण त्यांना गरज नव्हती, आणि आता जो कागद करायचाय तो त्यांच्यासाठी नाहीच आहे. तो तुमच्या भावाच्या पोरांसाठी आणि काकांच्या सुनांसाठी आहे, ज्यातल्या कुणीच १९८६ साली ती विहीर काढताना घमेली उचलली नव्हती.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण इथे लोकांचा अंदाज बरोबर उलटा असतो. सगळ्यांना वाटतं भावाबरोबरचं धोक्याचं आणि मित्राबरोबरचं काय, पाणीच तर आहे. खरं उलटं आहे. घरातल्या माणसांच्या न बोलण्याला कायदा बऱ्यापैकी सांभाळून घेतो, मित्रांच्या न बोलण्याला जवळजवळ नाही.

भावाचं बघा. तो एकटा कसतोय, पीक पाहणीला त्याचंच नाव लागतंय, म्हणून १२ वर्षांनी जमीन त्याची झाली असं होत नाही. एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांच्या वतीनेच धरला जातो, जोपर्यंत तो उघडपणे तुझा हक्कच नाही असं म्हणून तुम्हाला बाहेर काढत नाही तोपर्यंत. म्हणजे तुम्ही गप्प बसलात, तो गप्प कसत राहिला, याचा अर्थ कायदा भांडण असा न घेता घरातली सोय असाच घेतो. शिवाय घरातल्यांनी आपसात तोंडी ठरवून नंतर फक्त आठवण म्हणून कागदावर उतरवलं तर ते न नोंदवताही ग्राह्य धरता येतं, सुप्रीम कोर्टाचा काले प्रकरणाचा १९७६ चा निकाल आहे त्यावर, आणि त्यात कुटुंब हा शब्द पण सढळ हाताने घेतलाय. पण कितीही सढळ घेतला तरी शाळेतला मित्र त्यात बसत नाही हो.

मित्राकडे या आता. २० वर्षं उघडपणे, बिनहरकत, हक्क म्हणून पाणी घेतलं तर वहिवाटीचा हक्क तयार होतो, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. सगळी गंमत त्या "हक्क म्हणून" मध्ये आहे. परवानगीने घेतलेलं पाणी त्यात मोजत नाहीत, मग २० वर्षं घ्या नाहीतर ५० वर्षं घ्या. काकांच्या मुलांचा वकील उद्या कोर्टात एवढंच म्हणेल की आमच्या वडिलांनी दोस्तीखातर पाणी घेऊ दिलं. आणि ते खोटंही नसेल! म्हणजे दोस्ती जेवढी घट्ट तेवढा तुमचा दावा पातळ. हाडवैर असतं आणि वडिलांनी कुणाला न विचारता पाणी ओढलं असतं तर आज केस मजबूत असती. हे मी पक्षकाराला पहिल्यांदा सांगतो तेव्हा बहुतेक जण मलाच वेड्यात काढतात.

अगदीच उघड्यावर नाही तुम्ही. परवानगीवर विसंबून कुणी पक्कं बांधकाम केलं, स्वतःचा पैसा घातला, तर देणाऱ्याला ती परवानगी वाटेल तेव्हा काढून घेता येत नाही. तुमच्या वडिलांनी निम्मा खर्च केलाय हे इथे कामाला येईल, पण सिद्ध कशावरून करणार? सुरुंगवाल्याची पावती आहे? सिमेंटच्या गोण्यांचं बिल? १९८६ चं? आणि काकांच्या मुलांनी उद्या तो गट तिऱ्हाइताला विकला तर साधी परवानगी नव्या मालकावर बंधनकारक राहत नाही. विकायला काय, आमच्याकडे म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी फिरल्यापासून जमिनीचे भाव काय झालेत ते तुम्हाला पुण्यात पण कळत असेल. पूर्वी फेब्रुवारीतच विहिरीचा तळ दिसायचा, त्या तळातल्या चिखलावरून कोण भांडणार. आता पाणी टिकतंय म्हणून भांडण परवडतंय.

पाणी अडवलंच कुणी तर तातडीचा उपाय मामलेदार कोर्ट कायद्याचा, १९०६ चा, तहसीलदारांपुढे. तिथे विहिरीच्या पाण्याचा वापर येतो, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत जावं लागतं, आणि दोस्तीच्या केसमध्ये हे ६ महिने हमखास "जाऊ दे, काका बोलतील त्यांच्याशी" यातच निघून जातात.

म्हणून विहिरीचा कागद नोंदणीकृतच करा. नुसत्या स्टँपवर नोटरी करून देणारे तहसीलच्या बाहेर दहा बसलेत, तिकडे जाऊ नका. विहिरीखालची जमीन विकत घ्यायच्या फंदात पडू नका, तुकडेबंदीचं लचांड मागे लागेल, फक्त हक्क लिहून घ्या. त्यात पाण्याचा निम्मा हिस्सा, मोटार बसवायची जागा, पाइपलाइन कुठून कुठे जाते ते चतुःसीमेसकट, दुरुस्तीला जायची वाट, गाळ काढायचा खर्च निम्मा, आणि हे सगळं दोघांच्या वारसांवर आणि पुढे जो कोणी गट घेईल त्याच्यावरही बंधनकारक. काकांच्या मुलांच्या संमतीच्या सह्या घ्या, हे विसरू नका, निम्मे दावे "आम्हाला विचारलंच नव्हतं" यावरूनच उभे राहतात. मग तलाठ्याकडे अर्ज देऊन त्या गटाच्या सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात नोंद. नोटिशीचे १५ दिवस जातील, जाऊ देत.

बस्स, एवढंच लिहा. कुणी कधी पाणी घ्यायचं, लाईट गेली तर काय, लग्नकार्याला काय, यातलं काही लिहू नका.

हे मी ठोकर खाऊन शिकलोय. वकिलीला लागून सात-आठ वर्षं झाली असतील, दोन चुलत भाऊ आले, सामाईक बेदाण्याचं शेड, गुण्यागोविंदाने चाललेलं, सहज म्हणाले की वकील साहेब एक कागद करून द्या. मी तरुण, अंगात मस्ती, ११ कलमांचा करारनामा केला. रॅक कुणी किती वापरायचे, मजुरांचा चहा कुणाकडे, गंधकाची धुरी कुणाच्या खर्चाने, पाऊस आला तर पडदे आधी कुणाचे सोडायचे. मला वाटलं काय भारी ड्राफ्ट झालाय. तोपर्यंत पाऊस आला की जो जवळ असेल तो सगळे पडदे सोडायचा. पुढच्या सीझनला मार्चमध्ये अवकाळी आला आणि एकाने फक्त स्वतःच्या बाजूचे सोडले, कलम ७ प्रमाणे. दुसऱ्याचा माल भिजला, काळा पडला. दोघंही माझ्याकडेच आले, हातात करारनामा, आणि दोघांचंही बरोबर होतं. आज शेडच्या मधोमध पत्रा मारलेला आहे. त्या रस्त्याने जाताना मी अजूनही दुसरीकडे बघतो.

तर हक्क कागदावर आणा, रोजचं वागणं जिथे आहे तिथेच राहू द्या. माया आटली तर लिहिलेली कलमं ती परत आणत नाहीत आणि माया असेल तर कलमांची अडगळच होते.

भावाचं मी तुमच्या जागी असतो तर आत्ता काढलं नसतं. वडील अंथरुणाला असताना पुण्याचा भाऊ वाटणी म्हणाला की गावात त्याचा एकच अर्थ लावतात. १५ वर्षं तो आईबापाला सांभाळतोय, दवाखाना बघतोय, तुम्ही त्याच्याकडे बागेचा हिशोब मागितला नाही आणि त्याने तुमच्याकडे दवाखान्याचे पैसे मागितले नाहीत, ही पण एक वाटणीच आहे की, फक्त कुणी मोजलेली नाही. पुढे कधी करायची झाली तर दोघं मिळून तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली अर्ज करा, संमतीचं काम स्वस्तात आणि सरळ होतं. एवढंच बघा की भाऊ सोसायटीचं किंवा बँकेचं मोठं कर्ज काढताना तुम्हाला जामीनदार म्हणून सही मागत असेल तर कशावर सही करताय ते वाचा. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार असं अजूनही शिकल्या सवरल्या लोकांना वाटतं, तर तसं नाहीये, कर्जदाराइतकीच जबाबदारी असते आणि बँक आधी तुमच्या दारात येऊ शकते.

आत्याचं मात्र मला खटकलं. तुम्ही लिहिलंय "आत्याने कधी हिस्सा मागितला नाही, म्हणजे तिला नकोच आहे हे आमच्यात सगळ्यांना माहितीये". कुणी विचारलं होतं का तिला? घरातली न बोललेली समजूत म्हणून जे काही खपतं त्यातला मोठा भाग बायकांच्या गप्प बसण्यावर उभा असतो, हे माझं २७ वर्षांचं मत आहे आणि ते आवडलं नाही तरी चालेल. दोन मित्र गप्प असतात तेव्हा दोघांनाही बोलायची मुभा असते. आत्याला ती होती का? हिस्सा मागितला की माहेर तुटलं, दिवाळीला भाऊ न्यायला येणार नाही, हे तिला पण कुणी न सांगताच कळलेलं असतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आला, वडील तेव्हा हयात असायलाच हवेत असं नाही हे सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं, आणि त्याच निकालात हेही सांगितलं की मुलींना डावलायला "आमची तोंडी वाटणी आधीच झाली होती" ही सबब सहजासहजी चालणार नाही. आजोबा कधी वारले, तेव्हा वारसनोंद काय झाली, फेरफारात आत्याचं नाव लागलं का की नुसतं वडिलांचंच, हे जुने फेरफार काढून बघा. हक्कसोड भावाच्या नावे करायला मुद्रांक नाममात्रच लागतो, म्हणून लोक राखी पौर्णिमेला आलेल्या बहिणीला तसंच रजिस्टर ऑफिसला घेऊन येतात. मी आता एक नियम केलाय, हक्कसोडपत्राआधी त्या बाईशी पाच मिनिटं एकटीशी बोलतो, भावाला बाहेर चहाला पाठवून. बहुतेक जणी तरीही सही करतात. काही जणी त्या पाच मिनिटांत नुसत्या रडतात. एक जण म्हणाली होती, जमीन नको हो, पण एकदा विचारायचं तरी होतं.

आत्याला विचारा. काही देणार असाल तर विचारण्याआधी मनाशी ठरवा.

आता काकांकडे विषय कसा काढायचा, तुमचा खरा प्रश्न तोच होता. तुम्ही जाऊ नका, भावाला जाऊ द्या, रोज बांधावर त्याची भेट होते. तयार ड्राफ्ट घेऊन तर बिलकुल जाऊ नका, काकांनाच विचारा की तुमचं आणि आमच्या वडिलांचं काय ठरलं होतं ते आम्हा पोरांना सांगून ठेवा, आम्हाला काहीच माहीत नाही. हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला कधी टोचत नाही, उलट ते तास दोन तास बोलतील, विहिरीला पहिला झरा कुठून लागला तिथपासून. ते जे सांगतील तेच लिहायचं. वडिलांना समोर बसवा, नीट बोलता येत नसलं तरी. आणि फळछाटणीच्या तोंडावर जाऊ नका, ऑक्टोबरात पाण्यावरून सगळ्यांचीच डोकी तापलेली असतात.

वडिलांच्या सहीचं लगेच बघा. त्यांना समजतंय, सही किंवा अंगठा स्वतःच्या मर्जीने करतायत, याचा डॉक्टरांचा दाखला तारखेसकट घ्या. ऑफिसला नेता येत नसेल तर दुय्यम निबंधकांना घरी येऊन नोंदणी करता येते, तसा अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते.

मागच्या वर्षी असाच एक दस्त केला, दोन म्हातारे, सामाईक विहीर. दोघंही शेतकरी, हात असे झिजलेले की एकाचा अंगठा मशीनवर उठेचना. चार वेळा झालं, पाच वेळा झालं, ऑपरेटर पोरगी कंटाळली, मागे लाईन. दुसऱ्या म्हाताऱ्यांनी काही न बोलता याचा हात धरला, स्वतःच्या धोतराचा सोगा पाण्याने ओला केला, तो अंगठा पुसला, मग स्वतःच्या डोक्याच्या तेलकट केसांवरून फिरवला आणि मशीनवर दाबून धरला. उठला. ज्याच्या गटात विहीर होती, म्हणजे कागदाने ज्याचं कमी होणार होतं, तेच हे. बाहेर आल्यावर मी चहा मागवला तर दोघांनी एकच कप घेतला, बशीत ओतून.

तुमच्या काकांचं काय होईल ते मी इथे बसून सांगू शकत नाही. थोडं वाईट वाटेल त्यांना कदाचित, दोन दिवस. तेवढं वाटू दे. भाऊ त्यांच्याशी बोलायला जाईल त्याच्या आधी एक काम करा, त्या विहिरीवरच्या मोटारींची वीजबिलं मागवून घ्या, मीटर एक आहे की दोन, कनेक्शन कुणाच्या नावावर आहे आणि इतकी वर्षं बिल कुणी भरलं. जुनी बिलं सापडली तर फोटो काढून ठेवा, १९९० च्या आधीचं एखादं मिळालं तर मला कळवा.